चिंगीच्या ऑपरेशनसाठी कुठल्या तोंडाने मागू?

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमची कुत्री चिंगी नऊ वर्षांची, गावठीच, पावसात जिन्याखाली सापडलेली. नसबंदी केलेली नाही. दिवाळीत तिच्या मागच्या आचळाजवळ वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, ती आता लिंबाएवढी झालीय. डॉक्टरांनी ऑपरेशनचे ४२ हजार सांगितलेत. मी पाळणाघर चालवते, मिस्टर टेम्पोवर असतात. ओढूनताणून १५ हजार होतील. बाकीचे लोकांकडे मागूया म्हटलं, तर मिस्टर म्हणतात, "माणसाच्या आजारपणाला कोणी देत नाही, कुत्रीसाठी कुठल्या तोंडाने मागणार?"
– चिंगीची आई, लालबाग

उत्तर : मागा. मिस्टरांचा संकोच मला कळतो. आमच्या काळूला गाठ झाली तेव्हा मीही दहा दिवस कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. ते दहा दिवस फुकट गेले, याची हळहळ अजून जात नाही.

मात्र मागण्याआधी त्या ४२ हजारांत काय काय आलं, ते दवाखान्याकडून कागदावर लिहून घ्या. नसबंदी न झालेल्या मादीला आचळाची गाठ पुष्कळदा होते आणि अशा गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. तो पसरला तर बहुतेक वेळा फुप्फुसात जातो. म्हणून ऑपरेशनआधी रक्ततपासणी आणि छातीचे एक्स-रे हवेतच, दोन्ही कुशींवर आणि एक सरळ, असे तीन. फुप्फुसात डाग दिसले तर ऑपरेशन करायचं की नाही, इथूनच विचार करावा लागतो. तोवर लोकांचे पैसे गोळा झालेले नसावेत. काढलेली गाठ लॅबला पाठवायचा खर्च धरलाय का, तेही विचारा. तो वाचवू नका. पुढे काय करायचं हे त्या रिपोर्टवरच ठरतं. त्याच भुलीत नसबंदी करता येईल का, हेही बोलून घ्या.

आम्ही काळूच्या वेळी नुसते ऑपरेशनचे पैसे उभे केले होते. लॅब, ड्रेसिंग, अँटिबायोटिक, टॅक्सीच्या फेऱ्या, काहीच धरलं नव्हतं. बाराव्या दिवशी टाके काढायला गेलो तेव्हा हातात काही उरलं नव्हतं, आणि ज्यांनी एकदा दिलं त्यांच्याच दारात पुन्हा उभं राहावं लागलं. ते फार जड गेलं. तुम्ही आकडा एकदाच सांगा आणि पूर्ण सांगा.

दुसरीकडेही विचारा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, तुमच्यापासून चालत जाण्याजोगं आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालंय. दोन्हीकडचे दर हातात आले की ४२ हजार रास्त आहेत का, ते कळेल.

पहिला शब्द टाका तो चिंगीला नावाने हाक मारणाऱ्यांकडे. पाळणाघरातल्या मुलांचे आईबाबा, खालचा दूधवाला, चाळीतून उपनगरात राहायला गेलेली जुनी बिऱ्हाडं. निरोपात तिचा चांगला फोटो टाका, गाठीचा नको. दवाखान्याच्या कागदाचा फोटो, एकूण रक्कम, त्यातले तुमचे १५ हजार, ऑपरेशनची तारीख, आणि पैसे उरले तर त्यांचं काय करणार, एवढं लिहा. "माफ करा, कुत्र्यासाठी मागतेय" असं मुळीच लिहू नका. जमल्यास पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरायला सांगा. तुमच्या यूपीआयवर आले तर रोज रात्री हिशेब टाका. मंडळाच्या वर्गणीला मात्र हात लावायला सांगू नका, तो पैसा गणपतीसाठी दिलेला असतो. खजिनदारांनी ग्रुपवर निरोप टाकला तरी शब्दाला वजन येईल. ऑनलाइन मदत गोळा करणार असाल तर त्या कंपनीचं कमिशन आधी वाचा, आणि देणाऱ्याच्या स्क्रीनवर 'टिप'ची रक्कम आधीच भरलेली असते का, तेही पाहा.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडे दुसरं मागा. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, चिंगीने जिना चढायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरून तिला दिवसातून तीन-चारदा शू-शीला उचलून न्यायला दोन धडधाकट पोरं लागतील, त्यांची नावं आजच ठरवा. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ती शंकूसारखी कॉलर टाके निघेपर्यंत काढू नका. कण्हतेय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना ती जिवावर बेतू शकते. आणि तुमच्याकडे लहान मुलं असतात, म्हणून सांगते : दुखण्यात गरीब कुत्रीसुद्धा चावते. तेवढे दिवस तिला शेजारच्या खोलीत ठेवता आलं तर पाहा.

तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या गाठीत धोका वाढतो आणि तुमची लिंबाएवढी आहे. तुमच्या १५ हजारांतून एक्स-रे याच आठवड्यात काढून घ्या. रिपोर्ट आला की मला कळवा, मी वाट पाहतेय.