स्पेशालिस्ट स्क्रीनवर आला, मग नवरा एवढा का दमतो?

प्रश्न: ताई, माझे मिस्टर दुर्गम भागातल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर आहेत. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, मोठ्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो, तरी घरी येतात ते पार पिळून निघालेले. असं का?

उत्तर: अगं, २०१९ साली ही डॉक्टर-टू-डॉक्टर सोय सुरू झाली ती चांगलीच आहे, कारण पेशंटला पुढे पाठवू की इथेच ठेवू हे एकट्याने ठरवायचं ओझं फार वाईट असतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको काढलं, त्यात तर गावाकडचे डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर केस मांडून हेपटायटिस सी हा यकृताचा आजार स्वतःच हाताळायला शिकले, म्हणजे एकटेपणा गेला आणि हातात कौशल्यही आलं.

पण बाहेर ओपीडीची लाईन, आत नेटवर्क गुल, समोरचा डॉक्टर रोज नवा, आणि वर तीच माहिती रजिस्टरमध्येही लिही आणि स्क्रीनवरही भर, असं असेल तर मदत कसली, आणखी एक काम वाढलं ना! डब्ल्यूएचओ बर्नआउटला, म्हणजे कामाने असं पिळून निघण्याला, आजार म्हणतच नाही, कामाच्या जागेचा ताण म्हणते. त्यामुळे 'योगा करा' सांगणाऱ्यांवर मिस्टर चिडले तर मला नवल नाही वाटणार.

त्यांना म्हणावं, कॉलची वेळ ठरवून घ्या, एंट्रीचं काम दुसऱ्या कुणाला द्यायला वरिष्ठांना सांगा. झोपच उडाली असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. तेही फोनवरच, काय करणार!