मास्क लावला की जीव घाबरा होतो, मग झोपायचं कसं?

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकचा, वय 47, एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर आहे. दोन वर्षं झाली डिप्रेशन आणि अँग्झायटीच्या गोळ्या चालू आहेत, फरक पडतो पण पूर्ण बरं वाटत नाही, सकाळी उठलो की अंगात दम नसतो आणि डोकं जड. बायको म्हणायची तुम्ही घोरता घोरता मधेच एकदम शांत होता, मला भीती वाटते. शेवटी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजायची तपासणी केली, तासाला 42 वेळा श्वास अडकतो असं निघालं, सिव्हिअर स्लीप ॲप्निया म्हणाले. कर्ज काढून सीपॅप मशीन घेतली, झोपेत नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवते ती, आता तीन आठवडे झाले. पण मास्क लावला की दहा मिनिटांत छातीत धडधड, घाम, कोणीतरी तोंडावर उशी दाबल्यासारखं वाटतं आणि मी मास्क ओढून फेकतो. मग रात्रभर स्वतःचाच राग येतो की साधं झोपायलाही जमत नाही आपल्याला. टेक्निशियन म्हणतो सवय होईल. कधी कधी वाटतं सकाळ उगवूच नये. मशीन परत करू का? आणि हे सगळं श्वासामुळेच असेल तर डिप्रेशनच्या गोळ्या बंद करू का?

उत्तर : दादा, सगळ्यात आधी तुमच्या शेवटून तिसऱ्या वाक्याबद्दल बोलते. सकाळ उगवूच नये असं वाटतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, आता हेच वाक्य जसंच्या तसं तुमच्या सायकियाट्रिस्टना सांगा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, उद्याच फोन करा. वहिनींनाही सांगा. आणि रात्री दोन वाजता ते वाटलं, कोणाला उठवायचा संकोच वाटला, तर 14416 लावा, टेलि-मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, 2022 पासून चालू आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घ्यावं असं वाटायला लागलं तर मात्र फोनवर थांबू नका, घरच्यांना उठवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आता मशीन. मी डॉक्टर नाही हे या सदराच्या वाचकांना माहितीय, पण सात वर्षं रोज मास्क लावून झोपते आणि अँग्झायटीची गोळी त्याच्याही आधीपासून घेते, म्हणून हे पत्र वाचताना माझ्याच पहिल्या महिन्याची आठवण झाली. पहिल्या रात्री मी चाळीस मिनिटं टिकले, मग मशीन परत खोक्यात भरून पलंगाखाली सरकवली आणि आठवडाभर त्या बाजूला बघितलंही नाही. त्यामुळे तुम्हाला जे होतंय तो कमजोरपणा नाही, तुमचं शरीर त्याचं काम करतंय. विचार करा ना, ज्या माणसाचा श्वास तासाला 42 वेळा अडकतो, म्हणजे सहा तास झोपलात तर अडीचशे वेळा, त्याचं शरीर वर्षानुवर्षं झोपेत गुदमरतंय. प्रत्येक वेळी मेंदू दचकून उठवतो, हृदय जोरात पळतं, घशाचे स्नायू ताठ होतात, श्वास सुरू होतो, परत झोप. तुम्हाला यातलं काही आठवत नाही पण शरीराला आठवतं. बऱ्याच जणांना वाटतं मला रात्री पॅनिक अटॅक येतो, आणि तो असतो अडकलेला श्वास. अशा शरीराच्या नाकातोंडावर तुम्ही एक प्लास्टिक बांधता, त्यातून हवा आत ढकलली जाते, श्वास सोडताना त्या हवेच्या विरुद्ध सोडावा लागतो, तर ते घाबरणारच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, रात्री भांडू नका. रात्र ही शिकायची वेळच नाही, तेव्हा माणूस थकलेला असतो, घड्याळ बघत असतो. शिकायचं दिवसा, खुर्चीत बसून, उजेडात. मला एका सिस्टरने शिकवलं होतं तसं सांगते. पहिले दोन-तीन दिवस मास्क फक्त हातात धरून नाकाला लावायचा, पट्टे बांधायचे नाहीत, नळी जोडायची नाही, मशीन बंद. टीव्हीवर बातम्या लावा, मॅच लावा, आणि पाच मिनिटं नुसता धरून बसा. हात तुमचा आहे, कधीही काढता येतो, हे शरीराला कळू द्या. मग पट्टे बांधून दहा-पंधरा मिनिटं. मग नळी जोडून मशीन चालू करून, तरी खुर्चीतच. मग पलंगावर आडवं पडून, पुस्तक किंवा मोबाईल घेऊन, झोपायचा हट्ट नाही. मग दुपारची डुलकी. घाबरायला झालं तर मास्क ओढून फेकायचा नाही, सावकाश काढायचा, चार-पाच श्वास लांब सोडायचे, आणि आदल्या पायरीवर जायचं. याला दहा दिवस लागोत नाहीतर महिना लागो. ओढून फेकलं की मेंदू शिकतो की खरंच धोका होता, सावकाश काढलं की शिकतो की काही झालं नाही, एवढाच फरक आहे पण मोठा आहे. हे दिवस चालू असताना रात्रीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, मी तेव्हा जेवढा वेळ शांतपणे जमेल तेवढाच लावायचे आणि उरलेली रात्र कुशीवर झोपायचे, पाठीवर झोपलं की घसा जास्त बंद होतो.

"सवय होईल" एवढंच सांगून टेक्निशियन गेला असेल तर त्याला परत बोलवा. मशीन पहिल्याच दिवशी सगळ्यांना बरोबर बसत नाही, तिच्यात बदलण्यासारखं बरंच असतं. रॅम्प म्हणून सेटिंग असतं, त्यात प्रेशर कमी ठेवून हळूहळू चढतं. बहुतेक मशीनवर सुरुवात 4 वर असते, आणि इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही, काही जणांना 4 वर हवा जास्त नाही, उलट कमी पडते आणि त्यानेच गुदमरल्यासारखं होतं. मला तसंच व्हायचं, 6 वरून सुरुवात केली आणि त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की या नळीत पुरेशी हवा आहे. श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवायची सोयही बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू आहे का विचारा. मुख्य प्रेशर मात्र स्वतः बदलू नका, ते तुमच्या स्टडीवरून ठरलेलं आहे.

आणि मास्क कुठला आहे ते लिहिलं नाहीत. नाक-तोंड दोन्ही झाकणारा असेल आणि तोंडाने श्वास घ्यायची सवय नसेल तर नुसत्या नाकाचा किंवा नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क मागून बघा, तोंडावरचं ओझं निम्मं होतं, चष्मा लावता येतो, समोरचं दिसतं. दाढी असेल तर मोठ्या मास्कची कड दाढीवर नीट बसत नाही, हवा फुसफुसत बाहेर जाते, मग माणूस पट्टे आवळतो, मग गालावर वळ आणि गुदमरणं दोन्ही वाढतं. मास्क दुकानात उभ्याने नाही, आडवं पडून, मशीन चालू ठेवून, कूस बदलून बघायचा असतो. नाक चोंदलेलं असेल तर आधी ते ईएनटीला दाखवा. नाशिकला थंडीत नळीत पाणी जमून थेंब नाकावर येतील, तेव्हा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी, एक नंबर खाली करा आणि नळी पांघरुणाच्या आतून घ्या. टाकीत मेडिकलमध्ये मिळतं ते डिस्टिल्ड पाणी भरा, बॅटरीत घालायचं नाही.

मला एका गोष्टीने फार धीर दिला होता. मास्कमधून हवा द्यायची ही पद्धत 1981 साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरने जगापुढे मांडली. त्याआधी खूप गंभीर पेशंटला गळ्याला भोक पाडून नळी बसवायचा उपाय होता. आणि सुरुवातीच्या पेशंटना घरी जे मास्क दिले ते चेहऱ्याचा साचा घेऊन फायबरग्लासचे बनवलेले, रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवायचे आणि सकाळी सोलून काढायचे. तरी लोक लावायचे, कारण पहिल्यांदा झोप लागत होती त्यांना. तेव्हापासून मास्क खूप सुधारलेत, तुमच्या नाकाचाही कुठेतरी आहे, तो शोधेपर्यंत दोन-तीन बदलायला लागले तर बदला, घेताना विक्रेत्याकडून बदलीचं आधीच लिहून घेतलं नसेल तर आता मागा, लाजू नका.

गोळ्या बंद करू का, तर नाही. स्वतःहून तर अजिबात नाही, एकदम बंद केल्या की चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात आणि आजार उलटू शकतो. तुमचं म्हणणं चुकीचं नाही, ॲप्निया आणि डिप्रेशन एकमेकांत मिसळलेले असतात, थकवा, लक्ष न लागणं, कशातच रस नसणं, चिडचिड, दोन्हीत हेच. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला, ज्या 228 जणांनी तीन महिने रोज सरासरी पाच तास किंवा जास्त मशीन वापरली त्यांच्यात शेवटी फक्त 4 टक्के लोकांत डिप्रेशनची ठळक लक्षणं उरली होती, सुरुवातीला ॲप्नियाच्या पेशंटपैकी 73 टक्क्यांत होती. आशा वाटावी असाच आकडा आहे. पण त्यात मशीन न लावणारा तुलनेचा गट नव्हता आणि नेटाने वापरणारेच मोजलेत, म्हणून त्यावरून गोळी सोडायचा निर्णय घेऊ नका. दिवसाची पेंग काही आठवड्यांत कमी होते, मन मात्र सावकाश वर येतं. मला स्वतःला चौथ्या महिन्यात एक दिवस जाणवलं की मी सकाळी चहा टाकताना गुणगुणतेय. गोळी आजही घेते, कमी डोसची, आणि तो डोस डॉक्टरांनी कमी केलाय.

दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतील ही अपेक्षा ठेवू नका, कागद तुम्हीच न्या. स्लीप स्टडीचा रिपोर्ट सायकियाट्रिस्टना दाखवा आणि गोळ्यांची चिठ्ठी छातीच्या डॉक्टरांना. कारण झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास जास्त अडकतो, काहींनी वजन वाढतं, हे त्यांना बघून ठरवता येतं. मेडिकलवाल्याकडून ओळखीने झोपेची गोळी आणू नका, आणि झोपायच्या आधीचा पेगही तेच करतो. मशीनची इतकी धास्ती बसली असेल तर थेरपिस्टकडे चार-सहा वेळा जा, बंद जागेच्या भीतीवर जशी थेरपी करतात तशीच याच्यावर चालते. आणि पुरेशी झोप होईपर्यंत रात्रीची गाडी हायवेवर चालवू नका, हे मी हात जोडून सांगते.

डॉक्टर सहसा 70 टक्के रात्री किमान चार तास वापर झाला की ठीक म्हणतात. तुमच्यासाठी आत्ता तो आकडा नाही. तुमच्यासाठी उद्या संध्याकाळी पाच मिनिटं, टीव्हीसमोर, मास्क हातात.

प्रश्न : माझे मिस्टर 52 वर्षांचे, आम्ही कोल्हापूरचे. मशीन घेऊन सहा महिने झाले, कपाटावर खोक्यातच आहे. म्हणतात मी काय आयसीयूत आहे का. कोणाशी बोलत नाहीत, सारखे चिडतात, मला हे डिप्रेशन वाटतं पण सासूबाई म्हणतात ही सगळी थेरं आहेत. मी मागे लागले की भांडण होतं. मी काय करू?

उत्तर : ताई, मागे लागणं सोडा, तुम्ही घरातल्या पोलीस झालात की ते चोर होतात. त्याऐवजी एका रात्री त्यांचा झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, घोरणं, मग ती शांतता, मग तो धाप लागल्यासारखा घेतलेला श्वास. तो त्यांना एकट्यालाच, शांत वेळी दाखवा, चारचौघांत नाही. आपला श्वास थांबलेला माणसाने स्वतः बघितला की वाद बऱ्याचदा तिथेच संपतो. "आयसीयू" या शब्दात त्यांची भीती आहे हो, आपण आजारी, म्हातारे, बायकोसमोर नळ्या लावलेले. तेव्हा "तुम्हाला मशीन लावायचीय" असं नको, "मला रात्रभर तुमचा श्वास मोजत जागं राहावं लागतं, मी थकलेय" असं सांगा, कारण ते खरंच आहे. सासूबाईंना डिप्रेशन हा शब्द पटत नसेल तर राहू दे, त्यांना बीपी कळतं, आणि ॲप्नियाने बीपी वाढतं हेही खरं आहे. पण मिस्टरांच्या मनाबद्दल डॉक्टरांशी स्वतंत्र बोला, चिडचिड आणि अबोला ही पुरुषांत डिप्रेशनची नेहमीची रूपं आहेत, आणि सगळं काही घोरण्यावर ढकलून चालणार नाही. त्यांनी मशीन खोक्यातून बाहेर काढली तर वरच्या उत्तरातला दिवसाचा सराव वाचून दाखवा आणि तेव्हा शेजारी बसा, चहा घेऊन. काही दिवस वेगळ्या खोलीत झोपलात तरी वाईट वाटून घेऊ नका, तुमचीही झोप महत्त्वाची आहे.

प्रश्न : यवतमाळजवळच्या गावात राहते, रात्री लाइट जाते. मास्क लावलेला असताना मशीन बंद पडली तर गुदमरून मरेन का? या भीतीने झोपच लागत नाही.

उत्तर : नाही, गुदमरत नाही. मास्कला बारीक भोकं असतात, त्यातून श्वासाची हवा बाहेर जाते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडपही असते, मशीनची हवा बंद झाली की ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. बहुतेकांना हवा थांबली की जाग येते, मग काढून ठेवायचा, एवढंच. हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, दिवसा घरच्या कोणाला शेजारी बसवून मास्क लावा आणि त्यांना प्लग काढायला सांगा, स्वतः अनुभवा. मी तसंच केलं होतं, आईने बटण बंद केलं आणि मी मास्कमधूनच तिच्याशी बोलत राहिले. घरी इन्व्हर्टर असेल तर मशीन त्याच्यावर घ्या, पण ह्युमिडिफायर तेव्हा बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो. टॉर्च उशाशी ठेवा, आणि मास्कची पटकन सुटणारी क्लिप कुठे आहे ते डोळे मिटून दोन-चारदा चाचपून बघा.