वाचक विचारतात : सैतानाचं गाणं नेमकं कधी वाजलं?

प्रश्न : साठच्या दशकातल्या रॉक संगीतावर आणि हिप्पी मंडळींवर पुस्तक लिहितोय. प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. कुणाचं खरं मानू?

उत्तर : आठवणी जरूर घ्या, पण घटनांचा क्रम त्यांच्या भरवशावर लावू नका. अल्टामाँटचंच बघा. ६ डिसेंबर १९६९, कॅलिफोर्निया. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या फुकट कार्यक्रमात, मंचासमोरच, हेल्स एंजल्स या मोटारसायकलवाल्या टोळीतल्या एकाने १८ वर्षांच्या मेरेडिथ हंटरला भोसकलं. त्या वेळी ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ चालू होतं, असं छापून आलं आणि पुढे तेच तोंडोतोंडी झालं. सैतानाचं गाणं आणि खून, काय फक्कड जमतं! पण त्या कार्यक्रमाची फिल्म करणाऱ्या मेझल्स बंधूंच्या चित्रीकरणात गाणं आहे ‘अंडर माय थम्ब’. हंटरच्या हातातलं पिस्तूलही त्यातच दिसतं. ते गाळणारेही भेटतील तुम्हाला.

किस्सा फार घोटीव वाटला की मी आधी फिल्म, ध्वनिमुद्रण, कोर्टाचे कागद शोधतो. मुलाखतीत ‘कसं वाटलं’ नंतर. आधी विचारा, कुठे उभे होतात, मंच दिसत होता का? आणि तुमच्या नायकावर फारच जीव जडला असेल, तर त्याच्याशी भांडून बँड सोडलेल्या माणसाला पहिल्यांदा गाठा.