हदीसमध्ये आलेलं ‘उत्रुज्ज’ हे फळ छातीच्या धडधडीवर औषध म्हणून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या छातीत धडधड होते आणि कुणीतरी उत्रुज्जची पावडर सुचवलीय, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या (स.) वचनांत, आहे म्हणून. आधी ईसीजी काढा. पावडरीचं नंतर.

उत्रुज्ज म्हणजे आपलं महाळुंग. हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, पैगंबरांचे (स.) साथीदार हजरत अबू मूसा अशअरींकडून आलेली. कुराण पढणारा मोमिन, म्हणजे श्रद्धावान, महाळुंगासारखा, चवीला चांगला नि वासालाही. न पढणारा मोमिन खजुरासारखा, चव गोड पण वास नाही. पढणारा मुनाफिक, म्हणजे ढोंगी, सब्जासारखा, वास छान पण चव कडू. न पढणारा मुनाफिक कडू वृंदावनासारखा. यात धडधड कुठे आली? तारीफ पढणाऱ्याची चाललीय. या हदीसवरून महाळुंग हृदयाचं औषध ठरत असेल, तर कडू वृंदावनही कशाचं तरी औषध म्हणून विकायला हरकत नाही.

एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण आमच्या घरात यावरून अबोला झालाय. आम्ही कोल्हापूरचे. नानीच्या परसात महाळुंगाचं झाड होतं. फळाची साल बोटभर जाड. तिच्या फोडी ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची, सकाळी उकडून पिळायची आणि मुरंबा घालायची. आपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, दिवस गेले तेव्हा ओकाऱ्या थांबेनात. नानी आतल्या आंबट गराचा पाक करून, जिरेपूड घालून तिला चाटवायला लागली. आपाला अन्न जाऊ लागलं. पण दुल्हाभाईंना, आपाच्या नवऱ्याला, खटकलं. “हे अंबाबाईच्या हातातलं फळ. आपल्यात कशाला?” हातातलं म्हणजे खरंच हातातलं, मूर्तीच्या उजव्या खालच्या हातात महाळुंगच आहे. नानी म्हणाली, “मग काय झाडाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढलंय?”

तेच दुल्हाभाई काही वर्षांनी खजुराच्या झाडाचं चित्र आणि अरबी अक्षरं असलेली डबी घेऊन आले. आत महाळुंगाच्या सालीची पूड! किंमत ऐकून अम्मीने पदर तोंडाला लावला. मी परसातलं फळ कापून त्यांच्यापुढे ठेवलं, दोन्हींचा वास घ्या म्हटलं. तर म्हणे अरबस्तानातल्या मातीची गोष्ट वेगळी. वेगळी आहेच. दहाव्या शतकातला इतिहासकार मसऊदी लिहून गेलाय की गोल जातीचं उत्रुज्ज हिजरी ३००नंतर हिंदमधून नेऊन आधी ओमानात लावलं, मग बसरा, इराक, शामकडे (सीरियाकडे) गेलं, आणि तिकडे त्याचा मूळचा सुवास राहिला नाही. हे सांगितल्यावर दुल्हाभाई जेवायचे थांबले नाहीत, एवढंच.

औषधाचं म्हणाल तर ते हकिमांचं ज्ञान आहे, आणि त्यांनी फळ सरसकट कधीच दिलं नाही. इस्लामी विद्वान इब्न कय्यिमने (मृत्यू १३५०) चार भाग वेगळे केलेत: साल, पांढरा गर, आंबट रस, बी. साल उष्ण नि कोरडी. कपड्यांत ठेवली तर कसर लागत नाही, तोंडात धरली तर दुर्गंधी जाते. धडधडीसाठी त्याने सांगितलाय तो आंबट भाग, आणि तोही उष्णतेने होणाऱ्या धडधडीसाठी. मग सालीची पूड कसली घेताय? मोठा हकीम इब्न सीना, त्याने साल हृदयाच्या औषधांत धरलीय, हे खरं. पण तो नाडी बघून, बाकीची औषधं जोडून देणारा माणूस. आयुर्वेदातल्या चरकातही हेच आहे: मातुलुंगाचं (महाळुंगाचं) केसर, म्हणजे तो आंबट गर, पचायला हलकं, उरलेलं तसं नाही. ओकारी, उचकी, अरुची यांवर केसरच. नानीने चरकही वाचला नव्हता आणि इब्न कय्यिमही.

दुल्हाभाईंना मी इतिहासकार इब्न खल्दूनही ऐकवला. १३७७ सालच्या मुकद्दिम्यात, म्हणजे त्याच्या इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेत, तो सरळ म्हणतो की पैगंबर (स.) शरीअत शिकवायला आले होते, वैद्यकी शिकवायला नाही. हां, बरकत म्हणून मनापासून घेतलं तर फायदा होतो, असंही तो पुढे म्हणतो. दुल्हाभाईंनी नेमकं तेवढंच पाठ केलं.

वडिलांना रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय महाळुंगाचं काहीच देऊ नका, मुरंबासुद्धा नको. ग्रेपफ्रूट काही गोळ्यांचा परिणाम वाढवतं, आणि हे त्याच कुळातलं फळ आहे. साखरेचा त्रास असेल तर मुरंब्याचा प्रश्नच मिटला. मी हकीम नाही, डॉक्टरही नाही.

फळवाल्यांकडे हे सहसा नसतं. रोपवाटिकेत महाळुंग म्हणून मागा, ईडलिंबू देतील ते घेऊ नका. आणि ज्याने पावडर सुचवलीय त्याला विचारा, साल की गर? उत्तर आलं तर मला कळवा, दुल्हाभाईंना पाठवतो.