कोल्ड्रिंकमध्ये अ‍ॅसिड का घालतात?

बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात '३३८' दिसतं ना, ते फॉस्फोरिक अ‍ॅसिड. कोलात बहुधा हेच असतं. लिंबू-संत्र्याच्या चवीच्या पेयांत ३३०, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, जे लिंबातही असतंच.

मुख्य काम चवीचं. ३०० मिलि कोलात साधारण ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. तेवढी साखर नुसत्या पाण्यात ढवळून पिऊन बघा, दोन घोटांत नको होईल. आंबटपणा हा गोडवा सुसह्य करतो; सरबतात आपण लिंबू पिळतो ते याचसाठी. दुसरं काम टिकवण्याचं: आंबट द्रवात जंतू सहसा वाढत नाहीत, आणि सोडियम बेंझोएटसारखं प्रिझर्व्हेटिव्हही आम्लातच नीट काम करतं. बुडबुड्यांमुळे कार्बोनिक अ‍ॅसिड तयार होतं खरं, पण ते सौम्य. झाकण उघडं राहिलं की गॅसबरोबर निघून जातं.

'कोलाने फरशी साफ होते, मग पोटाचं काय?' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रश्न सोडून द्या. कोलाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) २.५च्या आसपास, जठररस त्याहून आंबट असतो. काळजी दातांची करा. पीएच ५.५च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दातांवरचं कडक आवरण, विरघळू लागतं, त्यामुळे तासभर एकेक घोट घेत बसणं सगळ्यात वाईट. प्यायल्यावर लगेच ब्रशही करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा.