व्याख्येखाली तारीख

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं मशीनवर होतो. गेल्या दिवाळीनंतर मला लाइनचा टीम लीडर केलं. हाताखाली २२ जण, त्यांतले १४ कंत्राटी. लगेच दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. शेवटी प्रत्येकाला एक कार्ड देऊन सांगितलं, ‘नेतृत्व म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत, एका वाक्यात लिहा.’ मी लिहिलं, ‘सगळ्यांना बरोबर घेऊन चालणं.’ टाळ्या पडल्या. ते कार्ड मी लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं.

महिनाभरात एका पोरानं दोन दिवसांची रजा मागितली. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. माल जायचा तुंबला होता, मी नाही म्हणालो. तो कामावर आला, काम केलं. पण तेव्हापासून मी कँटीनला गेलो की त्यांच्या टेबलावरचं बोलणं थांबतं. लॉकर उघडला की ते वाक्य टोचतं. मी ते दोनदा बदललं. आधी ‘टार्गेट पूर्ण करून दाखवणं’ केलं, मग ‘कडक पण न्यायी असणं’. एकही टिकलं नाही. व्याख्या अशी बदलत राहणारा माणूस लीडर व्हायच्या लायकीचाच नसतो का?

— एक वाचक, चाकण

उत्तर : तुमचं पत्र मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून तीनदा वाचलं आणि मग माळ्यावरून माझ्या वह्या काढल्या. लायकीचं आधी सांगते : ज्याला स्वतःचं वाक्य टोचतं, त्याच्याबद्दल मला काळजी वाटत नाही. तुमची गफलत मला दुसरीकडेच दिसते. नवं वाक्य लिहिताना तुम्ही जुनं कार्ड काढून टाकलंत. ते राहू द्यायला हवं होतं.

नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. सातारा जिल्ह्यात आमचं किराणा दुकान आहे. आषाढी वारीत माउलींच्या रथामागे आमची एक लहानशी दिंडी चालते. कधी १२० माणसं, कधी १६०. सासरे दिंडीचालक होते. भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, तिचा हिशोब, ट्रक, टँकर, आचारी आणि तळावरच्या राहुट्या हे सगळं १९९६ साली त्यांनी माझ्याकडे दिलं. दुकानामुळे मला मापं कळत होती, तेवढ्यावर. देताना एक अट घातली : द्वादशीचं पारणं झालं की हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘यंदा काय चुकलं’ ते लिहायचं, आणि परतीच्या ट्रकमध्ये बसूनच लिहायचं. घरी आल्यावर माणूस स्वतःला माफ करतो, असं ते म्हणायचे. त्या पानांवर खाली मी आपसूक एक ओळ लिहू लागले, पुढच्या वर्षी कसं वागायचं याची. तुम्ही ज्याला व्याख्या म्हणता, ती माझ्याकडे अशी जमली.

पहिल्या वर्षाची ओळ आहे : ‘सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं पाहिजे.’ ती कुठून आली तेही मला आठवतं. वारीत संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात आणि समाजआरती होते. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करतात, आणि एवढा मोठा तळ एका क्षणात गप्प होतो. नवी सून होते तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं. अंगावर काटा आला. मला वाटलं, पुढारपण म्हणतात ते हेच.

१९९७ ची वारी. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांबचा, ३२ किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट, आणि बहुधा तो दिवस नेमका एकादशीचा असतो. म्हणजे सर्वांत जास्त चाल आणि पोटात उपवासाचं. घाटाच्या पायथ्याला वडकीला आमचा फराळ असायचा. मी ठरवलं होतं की एक वाजता भांडी आवरायची आणि ट्रक पुढे काढायचा, म्हणजे सासवडला तळाची बरी जागा मिळते. एक वाजला. आचारी म्हणाला, ‘ताई, मागं अजून बायका हायेत.’ मी घड्याळ दाखवलं. ट्रक गेला.

अकरा जणी मागे राहिल्या होत्या. हडपसरच्या गर्दीत अडकलेल्या. पाण्यावर घाट चढल्या. माण तालुक्यातल्या एक आजी, डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या, त्या दुसऱ्या वळणावर चक्कर येऊन बसल्या. तुळशीचं वृंदावन त्यांनी खाली पडू दिलं नाही, शेजारणीच्या हातात दिलं आणि मग बसल्या. रात्री मी त्यांचे पाय चेपायला गेले. त्या एवढंच म्हणाल्या, ‘जागा झ्याक मिळाली गं, माउली.’ खरंच, जागा चांगली मिळाली होती. मला रात्रभर झोप लागली नाही.

त्या वर्षीची ओळ : ‘शेवटची बाई जेवल्याशिवाय झाकण लावायचं नाही. (दिवे घाट, अकरा जणी.)’ कंसातलं मी मुद्दाम लिहिलं. १९९६ ची ओळ मात्र खोडली नाही. ‘ऐकलं पाहिजे’ हे काही खोटं नव्हतं. रस्त्यात लाखो माणसं असताना कुणीच कुणाचं ऐकलं नाही तर चेंगराचेंगरी होते. आजच्या सोहळ्याची घडी ज्यांनी बसवली, ते हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. ही शिस्त नसती तर वारी इतकी वर्षं चालली नसती. पण त्याच हैबतबाबांची आठवण आळंदीला महाद्वारातल्या पायरीच्या रूपात आहे. कार्तिकीचा सोहळा त्या पायरीच्या पूजेनं सुरू होतो. ती पायरी मी आधी कितीतरी वेळा ओलांडली होती. दिवे घाटानंतरच्या कार्तिकीला तिथं जरा वेळ थांबले.

मधली बरीच पानं साधी आहेत. मीठ कमी पडलं, ताडपत्री फाटली, तरडगावला टँकर उशिरा आला. ती वगळते.

२००४ चं पान मोठं आहे. त्या वर्षी एका मुक्कामी आमच्या राहुट्यांच्या जागेत दुसऱ्याच कुणाचा ट्रक उभा होता, आणि आमची माणसं पावसात. समाजआरतीला दंड वर गेला, सगळे टाळ थांबले, आमचे थांबले नाहीत. ही रीतच आहे : ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती टाळ वाजवत राहते. एवढ्या शांततेत आमचे तीस-चाळीस टाळ. मला लाज वाटली. मग चोपदार चालत आमच्यापाशी आले, काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं, निवाडा सांगितला. तेव्हाच आमचे टाळ थांबले. तोवर माउलींची आरती थांबली होती.

सतरा-अठरा वर्षं मी तो दंड पाहत होते. दंड वर झाल्यावर कोण गप्प होत नाही, हे चोपदार ऐकत असतात, ते मला त्या दिवशी आमच्यावर वेळ आली तेव्हा कळलं. त्या अकरा जणींना वडकीला टाळ वाजवता आला नव्हता. त्या वहीत ओळ आहे : ‘ज्याचा टाळ वाजतोय त्याच्याकडे आपण चालत जायचं. वाजवू न शकणाऱ्यांसाठी आपण थांबायचं.’

तुमच्या कँटीनचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. तिथं टाळ उलटा आहे. तुम्ही आलात की बोलणं थांबतं, तेच त्यांचं गाऱ्हाणं. चालत जा. रजा का दिली नाही याचं स्पष्टीकरण घेऊन जाऊ नका. बहिणीचं काय झालं, एवढंच विचारा. लग्न जमलं असेल, मोडलं असेल, तुम्हाला माहीतच नाही. आणि हेही लक्षात घ्या की तो पोरगा कंत्राटी असेल तर दुसऱ्या दिवशी कामावर आला तो तुमचं ऐकून नव्हे, काम जाईल या भीतीनं. दोन्हींत माणूस मशीनपाशी येऊन सारखाच उभा राहतो, म्हणून वरून फरक दिसत नाही. पुढच्या वेळी माल तुंबला असताना कुणी रजा मागितली, तर ‘नाही’ म्हणण्याआधी २२ जणांसमोर ठेवून बघा : याला दोन दिवस हवेत, कोण सांभाळेल? कदाचित कुणीच हात वर करणार नाही. मग ‘नाही’ म्हणा, पण सगळ्यांदेखत म्हणा.

२००९ ची गोष्टही सांगायला हवी. त्या वर्षी ज्येष्ठात माझा पाय मोडला आणि मी घरी राहिले. रोज दहा-बारा फोन. शंभर माणसांना डाळ किती, फलटणला गॅस कुणाकडून घ्यायचा, वाल्ह्याच्या विहिरीवाल्याला काय द्यायचं. मी अंथरुणावरून सांगायची आणि मनातून सुखावायची. सासरे तेव्हा ८६ वर्षांचे, तेही घरीच. एका फोननंतर म्हणाले, ‘लई अडतंय न्हवं तुझ्याबिगर? मंग तेरा वर्सांत तू कुणाला शिकवलंस काय?’ ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. त्या आषाढात मी पडल्या पडल्या सगळी मापं लिहून काढली. शंभर माणसांना तांदूळ १० किलो, तूरडाळ ५, आणि पुढे सगळं, पानभर. तो कागद अजून ट्रकच्या फळीला आतून चिकटवलेला असतो. दरवर्षी नवा काढतो, कारण हळदीनं पिवळा होतो.

आणि २०२०. वारी पायी निघणार नाही असं ठरलं. पादुका दशमीला एसटीनं पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी झाली. आमच्यात त्यावेळी १४० नावं होती. मुलगा म्हणाला, मोबाइलवर एकच निरोप टाकू. मला ते जमेना. चार दिवस लागले, पण एकेकाला फोन करून ‘यंदा यायचं नाही’ हे माझ्या तोंडानं सांगितलं. एक बाबा ४१ वर्षं न चुकता आलेले. म्हणाले, ‘मी एकलाच जातो, कुणाला दिसणार न्हाई.’ त्यांच्याशी तासभर बोलले. दोघंही रडलो. मग ठरवलं की रोज संध्याकाळी सहाला ज्यानं त्यानं आपापल्या घरी हरिपाठ म्हणायचा आणि संपला की यादीतल्या पुढच्याला फोन करायचा. शेवटचा फोन मला यायचा, त्या बाबांचा. त्या वर्षीची ओळ : ‘नको असलेली बातमी दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही.’

आता तुम्हीच पाहा. ‘ऐकलं पाहिजे’, ‘झाकण लावायचं नाही’, ‘चालत जायचं’, ‘शिकवायचं’, ‘स्वतः सांगायचं’. यांतली खरी कुठली म्हणून विचाराल तर मी वहीच पुढे करीन. प्रत्येक ओळ कुणाच्या तरी त्रासातून आलेली आहे आणि तिच्यापाशी ते माणूस, ते गाव, ते साल आहे. तुमच्या कार्डावरचं वाक्य वाईट नव्हतं, पण ते लिहिताना तुमच्यासमोर कुणीच नव्हतं. नुसताच हॉल होता. म्हणून ते पहिल्या रजेच्या अर्जाला टिकलं नाही.

तेव्हा लॉकरमध्ये पुन्हा एक कार्ड लावा. तिन्ही वाक्यं लिहा, प्रत्येकाखाली तारीख घाला, आणि तिसऱ्याच्या खाली त्या पोराचं नाव लिहा. चौथ्यासाठी जागा सोडा. आणि त्याच्या बहिणीचं काय झालं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : मी नऊ वर्षं आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. गटात १२ जणी. मला सोडायचंय, पण सगळ्या म्हणतात, ‘तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही.’ काय करू?

— एक भगिनी, जिल्हा परभणी

उत्तर : ताई, वरचं २००९ चं पान तुमच्यासाठीही आहे.

एकदम सोडू नका, गट कोलमडेल आणि सगळ्या म्हणतील ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ पंचसूत्री तुमच्या गटाला पाठ असेलच : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लिहिलेली दप्तरं. यांतली एकेक गोष्ट एकेकीकडे तीन-तीन महिने द्या. दप्तर सगळ्यांत आधी द्या, कारण ‘मला लिहिता येत नाही’ ही भीती तिथंच असते. चूक झाली तर तुम्ही खोडू नका, पुढच्या बैठकीत तिलाच दुरुस्त करू द्या. कर्जमागणीच्या वेळी तुम्ही सर्वांत शेवटी बोला. वर्षभरात कोण उभी राहतेय ते दिसेल. मग बैठकीत ठराव लिहा, त्याची प्रत बँकेत द्या आणि खात्यावरची सही बदलून घ्या. सही बदलेपर्यंत नवी अध्यक्ष नावापुरतीच राहते, हे मी आमच्या गावात पाहिलंय.

पहिल्यांदा ती बँकेत जाईल तेव्हा सोबत जाऊ नका. आवारातही बसू नका. घरी राहा, फोन हाताशी ठेवा, आणि तिनं केला तरच बोला.