नाकात शेंबूड आणि मेकूड का तयार होतं?

तुम्ही विचारलंय की मुलीचं नाक रोज साफ करते तरी सकाळी परत मेकूड असतंच, हे तयारच का होतं आणि कायमचं बंद करता येईल का. बंद करायचा विचारही करू नका आणि प्लीज तिला घाणेरडी म्हणून ओरडू नका. घाण नाकाने केलेली नसते, बाहेरची घाण नाकाने अडवून धरलेली असते.

मी गोव्यातल्या डिचोलीची. लहानपणी आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे, झाडांची पानंसुद्धा तांबडी, शाळेतून आलं की आई पांढरा रुमाल धरून नाक शिंकरायला लावायची आणि एकदा त्यावर तांबडा डाग बघून मी रडायलाच लागले, मला वाटलं रक्त. आई म्हणाली, रक्त नाय गो, धूळ ती, नाकात अडकली म्हणून बरं, नायतर छातीत गेली असती. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तोच रुमाल पांढरा राहायला लागला. शिगम्याच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या होळीच्या, दुसऱ्या दिवशी बघा, गुलालाचा रंग नाकातून निघतो, तोच प्रकार.

शेंबूड म्हणजे बहुतेक पाणीच, त्यात थोडं मीठ आणि म्युसिन नावाचं प्रोटीन, चिकटपणा त्याचाच. नाक, सायनस आणि घसा मिळून दिवसाला साधारण लिटरभर तयार होतं म्हणतात, आपल्याला कळतही नाही कारण नाकात आत बारीक केसांसारखे सिलिया असतात, डोळ्यांना न दिसणारे, ते सेकंदाला दहाएक वेळा हलत सगळा चिकट थर धुळीसकट घशाकडे ढकलतात, आपण तो गिळतो आणि पुढचं काम पोटातलं ॲसिड करतं. पण नाकपुडीच्या अगदी तोंडाशी सिलिया नसतात, तिथे मोठे केस असतात, त्यामुळे तिथला शेंबूड मागे जात नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या हवेने सुकतो आणि धुळीसकट घट्ट होतो. हेच मेकूड. एसीच्या कोरड्या हवेत झोपलं की सकाळी जास्त का होतं, ते यावरून लक्षात येईल.

आणि नुसती धूळ अडवणं एवढंच नाही हां. पेनिसिलिनवाला अलेक्झांडर फ्लेमिंग, त्याला 1921 मध्ये सर्दी झाली होती तर त्याने स्वतःचा शेंबूड जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये टाकला, आणि आजूबाजूचे जंतू चक्क विरघळले! त्यातून लायसोझाइम नावाचं जंतू मारणारं एन्झाइम सापडलं, पेनिसिलिनच्या सात वर्षं आधी. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ज्याला आपण शी म्हणतो त्यात जंतू मारणारं काहीतरी निघालं.

रंग हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक मागू नका. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये लोह असलेलं एक हिरवट एन्झाइम असतं, रंग त्याचा, साध्या व्हायरल सर्दीतही होतो.

मेकूड सुकलेलं असेल तर नखाने खरवडू नका, मेडिकलमध्ये सलाइनचे थेंब मिळतात ते घाला, मऊ झालं की शिंकरून येतं. नाकाच्या मधल्या पडद्यावर पुढेच रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, पोरांचा घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा तिथूनच. फुटलाच तर मान मागे टाकायला लावू नका, पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा.

एक मात्र लक्षात ठेवा, एकाच नाकपुडीतून वास येणारा शेंबूड येत असेल तर आत मणी, शेंगदाणा, चिंचोका असं काहीतरी अडकलेलं असू शकतं. घरी चिमट्याने ओढायला जाऊ नका, आणखी आत सरकतं, सरळ ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.